जिओसारखा भाव पाडू का?

नवीन धंदा काढणारे बरेच जण एकच प्रश्न विचारतात: "सर, आधी भाव पाडतो, गिऱ्हाईक आलं की वाढवतो. जिओने तेच केलं ना?"

केलं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि ३१ मार्च २०१७ पर्यंत सेवा फुकट दिली. पुढच्या काही वर्षांत काय झालं बघा. एअरसेल दिवाळखोरीत गेली. रिलायन्स कम्युनिकेशन्सने मोबाइल सेवा गुंडाळली (तीही धाकट्या भावाची, बरं का!). टेलिनॉरचा इथला धंदा एअरटेलने घेतला. २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाले. आणि जुलै २०२४ मध्ये उरलेल्या तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले.

आता तुमच्या धंद्याकडे या. टॉवर उभा राहिला, केबल टाकली, की पुढच्या एका ग्राहकाचा जादा खर्च अगदी किरकोळ. पैसा आधीच जमिनीत गेलेला असतो. त्यामुळे स्वस्तात का होईना, जास्त माणसं जोडणं त्यांना परवडतं. वर तोटा सोसायला मागे रिफायनरीचा पैसा.

तुमच्या डब्याला मात्र प्रत्येक पोळीमागे कणीक लागते. समजा डबा ८० रुपयांना, खर्च ६०. रोज ४० डबे म्हणजे ८०० सुटतात. भाव ७० केला तर तेच ८०० मिळवायला ८० डबे हवेत. दुप्पट पोळ्या, दुप्पट फेऱ्या, बहुतेक एक माणूसही जादा. त्याचा पगार कुठून काढणार? दोन लाखांचं भांडवल असं किती महिने टिकेल, ते कागदावर मांडा.

मग लहान माणसाने काय करायचं? ब्रॉडबँडमध्येच उत्तर आहे. मोठ्या कंपन्यांचं फायबर गल्लीत आलं तरी काही ठिकाणी लोकल इंटरनेटवाला टिकून आहे. का? पावसात वायर तुटली की लोक त्याला नावाने फोन करतात, आणि तो संध्याकाळपर्यंत शिडी घेऊन येतो. कस्टमर केअरला एक दाबा, दोन दाबा करत बसावं लागत नाही. त्यासाठी लोक थोडे पैसे जास्त देतात. सगळे नाही देत, हेही खरं. ज्यांना फक्त स्वस्त हवंय ते जातात. जाऊ द्या.

पुढचा व्हिडिओ बघण्याआधी एवढं करा: तुमच्या एका नगाचा खरा खर्च लिहा, गॅस आणि पेट्रोल धरून. दहा रुपये कमी केले तर किती जादा गिऱ्हाईक लागेल, ते शेजारी लिहा. भाव त्यानंतर ठरवू.