औषधांची प्रतिक्रिया : परिचारिकेची नजर आणि नातेवाइकांची आठवण

या अहवालाचे बहुसंख्य वाचक ताळेबंदाची पाने प्रथम उघडतात, हे आम्ही जाणतो. वाणिज्य शाखेचे पदवीधर असल्याने आमचीही सवय तीच आहे. यंदा मात्र अधिसेविकांच्या टेबलावरील एका नोंदवहीविषयी लिहावेसे वाटते. तिच्यात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद होते.

पुरुष कक्षातील एका रुग्णास सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन हे प्रतिजैविक शिरेवाटे देण्यास आरंभ झाला होता. काही मिनिटांतच तळहात खाजतात, घसा दाटल्यासारखा वाटतो, असे रुग्णाने सांगितले. तापामुळे होत असेल, असे सोबतच्या मंडळींना वाटले. परिचारिकेला तसे वाटले नाही. त्यांनी आधी औषध थांबविले, शिरेतील सुई न काढता डॉक्टरांना बोलाविले आणि आपत्कालीन ट्रे मागविला. तोवर अंगावर गांधी उठल्या होत्या व रक्तदाब उतरू लागला होता. मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रेनॅलिन दिल्यानंतर रुग्ण सावरला. औषधभांडाराच्या हिशेबात या इंजेक्शनची किंमत नगण्य असते. ते ट्रेमध्ये हाताशी असणे मात्र नगण्य नव्हे.

नंतर रुग्णाच्या पत्नी म्हणाल्या, “मागे गावाकडे इंजेक्शन घेतलं तेव्हाही यांचं अंग असंच सुजलं होतं.” केसपेपरवर ॲलर्जीच्या रकान्यात मात्र ‘नाही’ असे लिहिलेले होते. दाखल करून घेताना प्रश्न घाईने विचारला गेला, हा दोष आमचा. शिवाय ‘ॲलर्जी’ या शब्दाचा अर्थ प्रत्येकाला उमगतोच असे नाही. आता ‘कोणत्या औषधाने कधी पुरळ, सूज वा धाप आली होती का?’ असे विचारले जाते आणि उत्तर रुग्णासह सोबतच्या व्यक्तीकडूनही घेतले जाते.

प्रत्येक त्रास ॲलर्जीचा नसतो, हे ओळखणे अधिक कठीण. व्हँकोमायसिन वेगाने दिले गेल्यास चेहरा व मान लाल होऊन खाज सुटू शकते. अशा वेळी बहुधा दोष वेगाचा असतो. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते, त्यात भय नाही. परंतु आधी न सांगितल्यास रुग्ण घाबरून गोळ्याच सोडतो. रक्तदाबावरील रॅमिप्रिलने कोरडा खोकला येतो आणि घरची मंडळी महिनोन्महिने खोकल्याच्या बाटल्या आणत राहतात. मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी घेऊन एकादशीचा उपवास करणाऱ्या आजींना दरदरून घाम फुटतो, हातपाय कापतात, बोलणे असंबद्ध होते. घरच्यांना तो अशक्तपणा वाटतो, प्रत्यक्षात रक्तातील साखर उतरलेली असते.

रक्त चढविताना पहिली पंधरा मिनिटे परिचारिकेने रुग्णापाशीच थांबावे, असा दंडक आहे. थंडी वाजणे, कंबर दुखणे, अस्वस्थ वाटणे ही लक्षणे बहुधा त्याच वेळात प्रकट होतात. आम्ही एकदा कामाचे तास मोजताना ही पंधरा मिनिटे रिकामी धरली होती. अधिसेविकांनी ती चूक दाखवून दिली.

नोंदवहीतील नोंदी वाढल्या, म्हणजे कारभार बिघडला काय, असे एका विश्वस्तांनी विचारले. शंका स्वाभाविक आहे. परंतु पूर्वी ती पाने कोरी असत, ती ठपका येईल या भयाने. दुष्परिणाम तेव्हाही होतच असले पाहिजेत. आज नोंद करणाऱ्या परिचारिकेला स्पष्टीकरण विचारले जात नाही. २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रमाकडे परिचारिकाही संशयित दुष्परिणाम कळवू शकतात आणि रुग्णही. त्याचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-१८०-३०२४ असा आहे.

नातेवाइकांना एकच विनंती. रुग्णास दाखल करण्यास आणताना घरी चालू असलेल्या सर्व औषधांची पाकिटे, काढे व चूर्णे यांसह, एका पिशवीत घालून आणावीत आणि पूर्वी ज्या औषधाने त्रास झाला त्याची चिठ्ठी जपून ठेवली असल्यास तीही सिस्टरांच्या हाती द्यावी.