२०४८ची उतरंड

गाब्रिएले चिरुली या इटालियन तरुणाने मार्च २०१४मध्ये शनिवार-रविवारच्या सुट्टीत २०४८ हा खेळ लिहिला आणि फुकट वाटून टाकला. त्याच्याशी मिळत्याजुळत्या ‘थ्रीज’च्या कर्त्यांनी आपल्या खेळावर वर्षाहून अधिक काळ घालवला होता, पण लोकांनी उचलला तो फुकटचाच. देखणेपणात मला आजही थ्रीज सरस वाटतो. शिकायला मात्र २०४८ बरा, कारण त्यात शिकण्यासारखं जे आहे ते एका बैठकीत कळतं.

आधी जाहिराती नसलेली आवृत्ती शोधा. नकला ढिगाने आहेत आणि मध्येच जाहिरात उघडली की हाताची लय तुटते. चिरुलीचा मूळ खेळ फोनच्या ब्राउझरमध्येही चालतो.

चौकटीत सोळा घरं. बोट ज्या दिशेला सरकवाल त्या दिशेला सगळे आकडे जातात, सारखे आकडे एकमेकांना भिडले की एक होऊन दुप्पट होतात. प्रत्येक चालीनंतर रिकाम्या घरात नवा आकडा येतो, दहापैकी साधारण नऊ वेळा २, एखाद्या वेळी ४. एक बारकावा पक्का करून घ्या: एका चालीत कुठलाही आकडा एकदाच जुळतो. २ २ २ २ डावीकडे सरकवले तर ४ ४ मिळतात, ८ नाही. ओळीत तीनच २ असतील तर ज्या बाजूला सरकवलंत त्या बाजूची जोडी जुळते.

आता एक कोपरा ठरवा. आपण खालचा डावा धरू. सगळ्यात मोठा आकडा तिथेच राहील आणि डाव संपेपर्यंत हलणार नाही. मोठा आकडा मध्यावर आला की चारही बाजूंनी लहानसहान आकडे त्याला खेटतात, आणि त्याच्या जोडीचा आकडा जवळ आणायला वाट उरत नाही.

कोपरा सांभाळायचा तर दिशा कमी करायला हव्यात. खाली आणि डावीकडे बिनधास्त सरकवा. उजवीकडे जायचं ते फक्त खालची ओळ पूर्ण भरलेली असेल आणि तिच्यात शेजारी-शेजारी सारखे आकडे नसतील तेव्हाच. मग ती ओळ जागची हलत नाही. वर जाणं विसरून जा. दुसरी कुठलीच चाल उरली नाही तर वर सरकवून लगेच खाली या. मधल्या क्षणी खाली एखादा २ शिरला, तर ते नशीब.

पुढची पायरी मांडणीची, आणि खरी मजा इथे आहे. मोठ्या मडक्यावर लहान अशी उतरंड रचतात तसे आकडे लावायचे, फक्त नागमोडी. खालच्या ओळीत डावीकडून ५१२, २५६, १२८, ६४. मग वरच्या ओळीत उजव्या टोकाला, चौसष्टच्या डोक्यावर, ३२. तिथून डावीकडे १६ आणि ८. बत्तीसला जोडीचा ३२ मिळून तिथे ६४ झाला की एकदा खाली, मग तीनदा डावीकडे: १२८, २५६, ५१२ जुळत जातात आणि कोपऱ्यात १०२४ उभा राहतो. हे चार स्वाइप एकदा अनुभवले की खेळाचं व्यसन का लागतं ते कळतं. पहिल्या डाव्या चालीनंतर खालची ओळ मोकळी होते, तेव्हा जुळणी पुरी होईपर्यंत उजवीकडे जाऊ नका.

तरीही कधी तरी बोट घसरतं, विशेषतः लोकलमध्ये एका हाताने खेळताना. कोपरा रिकामा झाला तर ताबडतोब डावीकडे या. बहुतेक वेळा सगळं पूर्ववत होतं. कोपऱ्यात २ अडकून शेजारी ५१२ राहिला तर डाव सोडणारे पुष्कळ. सोडू नये. १०२४साठी दुसरा ५१२ कुठे तरी बनवायचाच आहे. तो त्या कोपऱ्यातल्या दोनवरच बनवा. वरून २, मग ४, मग ८ उतरवत तो वाढवा. ५१२ झाला की डावीकडे.

वेग मात्र अजिबात वाढवू नका. खेळात घड्याळ नाही. चालीमागे सरासरी २.२ची भर पडते, म्हणजे २०४८साठी नऊशेहून अधिक चाली. चालीला सेकंद धरला तरी पंधरा मिनिटं. पहिले डाव भराभर खेळलात तरी चालेल, पण ५१२नंतर प्रत्येक वेळी खालची ओळ आधी बघा, मग बोट हलवा. अनडूची सोय असेल तर सरावात खुशाल वापरा. एकच चाल मागे घेऊन दुसऱ्या दिशेने खेळून पाहिली की काय बिघडलं होतं ते दिसतं. गुण मोजायचा डाव मात्र त्याविना.

२०४८ आल्यावर पुढे खेळायचा पर्याय मिळतो, तो घ्या. गणिताने कमाल आकडा १,३१,०७२ आहे, त्याच्या नादी लागू नका, ४०९६चं बघा. कोपरा तोच, उतरंड तीच. फक्त एक घर आता २०४८ने अडवलेलं, तेव्हा दुसरा २०४८ उरलेल्या पंधरा घरांत बसवायचा आहे.