सर्जापूर रोडवरची जमीन: मूळ मालकापर्यंत पोचायला किती खर्च?

बंगळूरच्या सर्जापूर रोडवर ८० लाखांचा प्लॉट घेतला, तर मुद्रांक शुल्क ५ टक्के, म्हणजे ४ लाख. त्यावर उपकर आणि अधिभार. ३१ ऑगस्ट २०२५ पासून दुप्पट झालेली २ टक्के नोंदणी फी, म्हणजे आणखी १ लाख ६० हजार. सरकारजमा सहा लाखांच्या घरात जाते. एवढे पैसे भरणारे लोकही जमिनीचा पूर्वेतिहास शोधताना हात आखडता घेतात, याचं मला फार वाईट वाटतं.

कारण शोधाची सरकारी फी किरकोळ आहे. आपल्याकडे महाराष्ट्रात डिजिटल सातबारा १५ रुपयांत मिळतो. कर्नाटकात सातबाऱ्याच्या जागी पहाणी, म्हणजे आरटीसी, असते आणि ती ‘भूमी’ पोर्टलवरून काढता येते. बोजा प्रमाणपत्राची (ईसी) फी वर्षांवर मोजतात. मात्र ‘कावेरी’ पोर्टलवर १ एप्रिल २००४ पासूनचेच व्यवहार दिसतात. त्याआधीचं सगळं उपनिबंधक कार्यालयाच्या वह्यांत हाताने शोधावं लागतं आणि खरा खर्च तिथे सुरू होतो: जुनं कन्नड हस्ताक्षर वाचणारा माणूस, त्याच्या फेऱ्या, प्रमाणित नकला, भाषांतर. वकिलाकडून या प्रत्येकाचा आकडा वेगळा लिहून घ्या. एकरकमी फीमध्ये नेमका जुना शोध गाळला जातो.

कुठे शोधायचं, तेही आधी ठरवा. बेळंदूर, दोड्डकन्नेल्ली हा भाग वर्तूर होबळीत (तालुक्याखालच्या महसुली विभागात) येतो. ही होबळी आज बंगळूर पूर्व तालुक्यात असली, तरी जुन्या खतांत बंगळूर दक्षिण लिहिलेलं असतं. पुढे सर्जापूर होबळी आनेकल तालुक्यात.

बँकेच्या वकिलाला बहुधा तीस वर्षांचा इतिहास पुरतो. तुम्ही तेवढ्यावर थांबू नका. सर्जापूर हे जुनं जहागिरीचं गाव. इनाम जमीन असेल तर १९५४-५५ च्या इनाम निर्मूलन कायद्यांखालचा आदेश, कुळाची असेल तर १९७४ नंतर भू-न्यायाधिकरणाने दिलेला हक्क, आणि सरकारने दिलेली असेल तर ‘सागुवळी चिट’, यांपैकी जो लागू तो कागद मागाच. अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना सरकारने दिलेली जमीन परवानगीशिवाय विकली असेल, तर १९७८ च्या कायद्याने तो व्यवहार रद्द ठरतो, मधे कितीही हात बदललेले असोत. २०२३ च्या दुरुस्तीनंतर जमीन परत मागायला कालमर्यादाही उरलेली नाही. ज्या कुटुंबाला ती मिळाली होती, त्याचा हक्क कायद्याने राखला आहे, आणि ते योग्यच आहे.

असा कागद विक्रेत्याकडे नसेल, तर तहसीलदार कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज द्या. अर्जाला १० रुपये, नकलेला पानामागे २ रुपये. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. विसार त्यानंतर द्या. मूळ खत हरवलंय असं सांगितलं, तर त्याची प्रमाणित नक्कल उपनिबंधकाकडून स्वतः काढा. विक्रेत्याने दाखवलेल्या झेरॉक्सवर व्यवहार करू नका.