आबांच्या दुनळीचं मोल

चि. सुजय,

पत्र आणि फोटो पोचले. आबांच्या माघारी बंदूक घरात न ठेवता परवानाधारक दुकानदाराकडे जमा करून पावती घेतलीस, हे उत्तम केलंस. पण लंडनच्या लिलावात वेस्टली रिचर्ड्स या इंग्रज कंपनीच्या बंदुकीला आलेला आकडा पाहून तुम्हा भावंडांच्या डोळ्यांपुढे जे लाख नाचायला लागलेत, त्यांना जरा आवर.

तो आकडा इथं लागू पडत नाही. शंभर वर्षांवरची अशी वस्तू पुरावस्तू ठरते आणि १९७२ च्या कायद्यानं खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे गिऱ्हाईक इथलंच, तेही परवानावालं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला हत्यारं दोनच, वारशाची धरून. ज्याच्याकडे दोन आहेत त्याला तिसरं फुकट दिलंत तरी घेता येणार नाही. ‘जुनी आहे, परवाना कशाला?’ असं सांगणारा कुणीतरी भेटेलच. ती सूट दुरुस्त करूनही बार न निघणाऱ्या हत्याराला आहे. आबांची बंदूक तशी नाही.

आता नाव. नळ्यांमधल्या पट्टीवर ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ असं कोरलंय म्हणतोस. ‘वेस्टली’ पूर्ण लिहिलेलं नाही, तिथंच मला शंका आली. बेल्जियममधल्या लिएजचे कारखानदार स्वस्त बंदुकांवर असली नामसदृश अक्षरं कोरून जगभर विकत. ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ नावाचा अस्सल इंग्रज बंदूकवालाही होऊन गेला, त्यामुळे नुसत्या नावावर हो किंवा नाही म्हणता येत नाही. चापाभोवतीच्या नक्षीवरही जाऊ नकोस. लिएजला नक्षी काढणाऱ्यांची काही वाण नव्हती.

खरं काय ते नळ्यांच्या पोटाला लिहिलेलं असतं. दुकानात जाशील तेव्हा बंदूक रिकामी असल्याची खात्री दुकानदाराकडून करून घे आणि नळ्या त्यालाच उतरवायला सांग. त्या उलट्या धरल्या की दस्त्याकडच्या सपाट भागावर बारीक ठसे दिसतील. भिंग ने. लंबगोलात ‘ई एल जी’ आणि खाली तारा दिसला तर बंदूक लिएजची, विषय संपला. वर मुकुट असेल तर १८९३ नंतरची. इंग्रजी असेल तर बर्मिंगहॅमचे किंवा लंडनचे मुकुटवाले ठसे मिळतील. पत्त्यांतल्या चौकटसारख्या खुणेत १२ आणि ‘सी’ असेल तर ती १८८७ ते १९२५ मधली. ‘एन पी’ अक्षरं शोधायला विसरू नकोस. धूरविरहित दारूची चाचणी झाल्याची ती खूण. ती नसेल आणि नळ्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असेल, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या दमास्कस नळ्या असतील, तर ती बंदूक काळ्या दारूची. हल्ली दुकानात मिळणारं काडतूस तिच्यात घालायचं नाही.

यातच निम्मी किंमत ठरते. इथलं गिऱ्हाईक बहुधा वापरायला बंदूक घेतं. शेतराखणीला परवाना काढलेल्या माणसाला भिंतीवर टांगायची वस्तू नको असते.

‘एन पी’ दिसलं तरी बार काढून बघायची घाई नको. जुन्या इंग्रजी बारा बोअरच्या बंदुकीतलं काडतुसाचं घर बहुतेक अडीच इंचांचं, आजची काडतुसं बरीचशी पावणेतीन इंचांची. गंमत अशी की लांब काडतूस त्यात बिनबोभाट बसतं, कारण डब्यावरची लांबी बार झाल्यानंतर उलगडलेल्या नळकांड्याची असते. बार होताना त्याचं तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. शंभर वर्षांच्या नळीनं तो सोसावा अशी अपेक्षा कशाला? खडकीच्या कारखान्याचं काडतूस असो की आणखी कुणाचं, डब्यावरची लांबी वाच.

मग अवस्था. नळ्या त्यांच्या खालच्या आकड्यापाशी धरून लोंबत्या ठेवायच्या आणि बोटाच्या पेरानं टिचकी मारायची. घंटेसारखा नाद आला तर जोड शाबूत. बद्द आवाज आला तर पट्टी कुठंतरी सुटलीय. नळ्यांच्या टोकांमध्ये फट दिसली तर त्या कधीतरी कापल्या असाव्यात. आत गंजाचे खड्डे असले आणि ते कुणी घासून काढलेले असले, तर नळीची भिंत पातळ झालेली असणार. ती मापकानं मोजून घे. निवडणुका आल्या की आबांना बंदूक ठाण्यात जमा करावी लागे. तिथल्या ओलीनं नळ्यांचं काय झालं असेल, याची मला जास्त धास्ती वाटते.

एक मात्र करू देऊ नकोस. ‘चकाचक करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती ती पडता कामा नये. पॉलिशनं ठसे बुजतात, आणि जाणकार गिऱ्हाईक जुना रंग गेलेला पाहिला की हात आखडता घेतं. पेटी, साफसफाईची कांडी, जुनी पावती असलं काही माळ्यावर सापडलं तर जपून ठेव. त्याचे वेगळे पैसे येतात.

ठशांचे फोटो तिरप्या उजेडात, शेजारी पट्टी ठेवून काढ. नंबरही कळव. बंदूक खरंच वेस्टली रिचर्ड्सची निघाली तर कंपनीच्या वह्यांवरून साल काढता येईल. दुकानदारानं नळ्या न उतरवताच भाव सांगितला तर ऐकून घे आणि चहा पिऊन परत ये. फोटो माझ्या हाती येईपर्यंत वाटणीचं बोलणं काढू नका.

तुझा,
मामा