वारीतील शौच

गीतेच्या १३ व्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत ‘शौच’ येते. माउलींनी ते आतबाहेर दोन्हीकडचे मानले. आम्ही बाहेरचेच सांगतो, कारण आत पाहणारे पुष्कळ आहेत!

पुण्याहून निघालेल्या दोन्ही पालख्या एकाच दिवशी हडपसरास येतात. तेथून माउली सासवडास, तुकोबाराय लोणी काळभोरास. लाखोंचा समाज. आडोसा नाही म्हणून कितीक मायबहिणी पाणीच पीत नाहीत, अन् माउलींबरोबरच्यांना पुढे दिवेघाट चढायचा असतो. २०१५ पासून ‘निर्मल वारी’त फिरती शौचालये मांडतात, हे उत्तम झाले. पण जिथे दिवा नाही, पाणी नाही, तिथे रात्री बाई कशी जाईल? दिंडीचालकांनी मुक्कामी पोचताच आधी ती जागा बायकांना दाखवावी. बादल्या पुरुषांनी भराव्यात. कीर्तनाला उभे राहण्यापूर्वी आम्ही हेच विचारतो.