रुग्णसेवेतील भेदभाव : ओळख आणि प्रतिकार

आजार जातपात पाहत नाही, असे आपण म्हणतो. ते खरे आहे. परंतु उपचार करणारा माणूस मात्र ती पाहू शकतो. दवाखान्याचे दार सर्वांना उघडे असले, तरी आत गेल्यावर समान वागणूक मिळेलच असे नाही. हा फरक करवीर संस्थानात शंभर वर्षांपूर्वीच ओळखला गेला होता.

१९१९ साली राजर्षी शाहू छत्रपतींनी संस्थानच्या वैद्यकीय खात्यासाठी एक हुकूम काढला. अस्पृश्य रुग्णांना ममतेने व समतेने वागवावे. ज्या अधिकाऱ्याला वा नोकराला हे मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांच्या आत राजीनामा द्यावा, त्याला पेन्शन मिळणार नाही, असा त्याचा आशय होता. सरकारी दवाखाने ही कोणाची खासगी मालमत्ता नसून ती लोकांसाठी आहेत, ही त्यामागील भूमिका. मिरजेच्या अमेरिकन मिशनच्या दवाखान्याचा कित्ताही त्यात पुढे ठेवला होता. महाराजांनी रुग्णाला 'जरा सोसा' असे सांगितले नाही. बदलण्याची जबाबदारी नोकरावर टाकली. उपदेशाला त्यांनी मुदत जोडली आणि मुदतीला परिणाम जोडला. या हुकमाचे मर्म येथे आहे.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने (१९७६ पासून त्याचे नाव 'नागरी हक्क संरक्षण अधिनियम') अस्पृश्यतेवरून रुग्णालयात प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरविला आणि प्रवेश दिल्यानंतर भेदभाव करणे हाही गुन्हाच ठरविला. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने त्या रुग्णांशी उपचारांत भेदभाव करण्यास मनाई केली. हा कायदा २०१८ पासून अमलात आहे.

मग असा भेदभाव ओळखावा कसा? तो क्वचितच उघड बोलतो. एकाला 'या, बसा' आणि दुसऱ्याला 'ए, तिकडे थांब'. एकाची नाडी हात धरून पाहिली जाते, दुसऱ्याला लांबूनच गोळ्या दिल्या जातात. एकाला आजार समजावून सांगतात, दुसऱ्याला 'तुला काय कळणार?' म्हणतात. एड्सच्या रुग्णाचा आजार सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा पुकारला जातो. एकट्या आलेल्या बाईला दुखण्याआधी नवऱ्याविषयी विचारले जाते. कसोटी सोपी आहे : याच जागी तालेवार घरचा माणूस असता, तर हेच शब्द, हेच अंतर, एवढाच वेळ त्याच्या वाट्याला आला असता काय? उत्तर 'नाही' असेल, तर दुसरे कोणते वैद्यकीय कारण आहे काय, हे विचारावे. तेही नसेल, तर तो भेदभाव होय.

प्रतिकारासाठी आरडाओरडा लागत नाही. प्रथम रुग्णाची इच्छा विचारावी, कारण उद्या त्यालाच पुन्हा तेथे जायचे असते. त्याची संमती असेल तर काय घडले, केव्हा, कोणत्या विभागात, हे त्याच दिवशी लिहून काढावे. प्रमुखांकडे लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि उत्तराचा पाठपुरावा करावा. अर्ज लिहिता न येणाऱ्याला आपण तो लिहून द्यावा. दोषही नेमका सांगावा. गर्दीने थकलेल्या परिचारिकेचा त्रागा आणि माणूस पाहून बदललेली वागणूक यांची गल्लत करू नये.

राजर्षींची जयंती आपण दरवर्षी उत्साहाने साजरी करतो. त्यांच्या हुकमाची अंमलबजावणी ज्या बाकांवर व्हायची, त्या बाकांवर आजही रुग्ण बसलेले आहेत. अक्षरओळख नसलेल्या एखाद्या रुग्णाबरोबर आपल्यापैकी कोणी तासभर बसले, तर त्या हुकमाचा खरा अभ्यास घडेल.