अटॅचमेंट म्हणजे माया की जप्ती?



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ६२ आणि ६३.

हे दोन श्लोक म्हणजे खाली उतरत जाणारा जिना आहे. एखाद्या विषयाचं सारखं चिंतन केलं की त्याच्याशी संग जडतो. संगातून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह. मग स्मृती ढळते, बुद्धी जाते आणि माणूसच हातचा जातो. सगळी घसरण सुरू होते ती त्या ‘संगा’पासून.

आपल्यापैकी बरेच जण गीता पहिल्यांदा मोबाइलवर, इंग्रजीतून वाचतात. मीही तशीच वाचली. तिथे ‘संग’ या शब्दासाठी बहुतेक ठिकाणी एकच शब्द भेटतो : अटॅचमेंट. या शब्दाने मला दोन-तीन वर्षं चांगलंच चुकवलं. ते आज मोकळेपणाने सांगतो.

तेव्हा मी पुण्यात नोकरीला होतो, आईबाबा सोलापुरात. अटॅचमेंट म्हणजे माया, जिव्हाळा, एवढंच मला ठाऊक. गीता म्हणते अटॅचमेंट सोडा, म्हणजे घरची ओढ सोडा, असा सरळ हिशोब मी लावला. आईचे फोन कमी घेऊ लागलो. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा ‘बघू, जमलं तर येतो’ म्हणालो आणि गेलो नाही. शेजारच्या काकू तिच्यासोबत दवाखान्यात राहिल्या. आणि मी मात्र मनात म्हणत होतो, आपली साधना बरी चाललीय.

पुढे दिवाळीला घरी आलो. आमच्या गल्लीत एका ओळखीच्या घराच्या दारावर कोर्टाचा कागद चिकटवलेला होता. कर्जाचं प्रकरण. इंग्रजी मजकुरात तोच शब्द दिसला : अटॅचमेंट. मी बाबांना विचारलं, “हे काय?”

बाबा म्हणाले, “जप्ती आली की रे त्यांच्या घरावर!”

“पण माणसं तर आत राहतायत.”

“राहू देतात की. फक्त आता ते घर विकता येत नाही, कुणाला देता येत नाही. नावाला त्यांचं.”

त्या रात्री मी शब्दकोश उघडून बसलो. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. मुळात अर्थ बांधून ठेवण्याचा. इंग्रजीत चौदाव्या शतकात तो कायद्याच्या भाषेत होता, माणसाला पकडणे, मालमत्ता ताब्यात घेणे या अर्थाने. मायेचा, ओढीचा अर्थ त्याला चिकटला तो फार नंतर, अठराव्या शतकाच्या सुमारास. म्हणजे मला माहीत असलेला अर्थ धाकटा, आणि जप्ती थोरली!

आपल्या देशात १९०८ सालची दिवाणी प्रक्रिया संहिता आहे. तीत या जप्तीचे नियम आहेत. त्यातले दोन मला गीतेच्या वाटेवर फार उपयोगी पडले.

पहिला नियम बाबांनी सांगितला तोच. घर-जमीन जप्त होते तेव्हा कोर्ट मालकाला ती वस्तू कुणाकडे सोपवायची मनाई करतं. दवंडी पिटून तसं जाहीर करायची तरतूद आहे, हुकमाची प्रत मालमत्तेवर लावतात. मालक आत राहतो, जेवतो, झोपतो. पण *देऊ* शकत नाही.

दुसरा नियम कलम ६० मध्ये आहे. काही वस्तू जप्त करताच येत नाहीत. अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं. म्हणजे कर्ज कितीही असो, माणसाच्या हातचं काम काढून घ्यायचं नाही.

आता पुन्हा श्लोकाकडे या. संस्कृतातला ‘संग’ ज्या धातूवरून येतो त्याचा अर्थ चिकटणे. मराठीत मात्र संग म्हणजे सोबत, म्हणून तर आपण सत्संग म्हणतो. गीता इथे सोबत सोडायला सांगत नाही. ती मनावर आलेल्या जप्तीबद्दल बोलते. ज्या गोष्टीचं रात्रंदिवस चिंतन केलं, तिने मनाच्या दारावर कागद चिकटवला. आत मीच राहतो, पण ते मन आता मला कुणाला देता येत नाही. आईला नाही, कामाला नाही, विठ्ठलालाही नाही.

आणि माया? बाराव्या अध्यायाचा तेरावा श्लोक काढून बघा. भक्ताची लक्षणं आहेत. कुणाचा द्वेष नाही, सगळ्यांशी मैत्री, करुणा, आणि त्याच श्लोकात ‘निर्मम’. करुणा आणि निर्ममता शेजारी-शेजारी बसल्यात! मी एकीला हाकलून दुसरीला घरात घ्यायला निघालो होतो.

आपल्याच जिल्ह्यातले, मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवतात ना? महिपतींच्या ‘भक्तविजया’तही त्यांची कथा आहे. दुष्काळात लोक अन्नावाचून मरत होते आणि यांच्या ताब्यात बादशहाचं धान्याचं कोठार. त्यांनी ते उघडलं. बेदरहून पकडायला माणसं आली. कथा सांगते की विठोबा विठू महाराच्या रूपाने बेदरला गेला आणि धान्याचे पैसे भरून पावती घेऊन आला. दामाजींना माया नव्हती का? भुकेल्यांची माया होती म्हणूनच कोठार उघडलं. पण पदाची, जिवाची जप्ती त्यांच्या मनावर नव्हती. म्हणून हात देऊ शकला.

हे कळलं तेव्हा मला माझीच लाज वाटली. मी आईची माया सोडली, हा विरक्तपणा नव्हताच. मला माझे शनिवार-रविवार देता आले नव्हते. माझी शांतता, माझी साधना, माझं वेळापत्रक. जप्ती तिथे होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला हे सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “चहा घे आधी.” मग बराच वेळ आम्ही दोघं तिच्या व्यायामाचे पाय मोजत बसलो, दहा-दहा वेळा.

आजसाठी एकच करा. ज्या गोष्टीचा विचार दिवसभर सुटत नाही, ती एक गोष्ट डोळ्यांसमोर आणा. ‘ही मला आवडते का’ असं नका विचारू, आवडू दे की. विचारा, ‘वेळ आली तर ही मी देऊ शकतो का?’ उत्तर ‘हो’ आलं तर ती माया. ‘नाही’ आलं तर दारावरचा कागद नीट वाचा.

पांडुरंगा, हातचं काम आणि घरची माया राहू दे. मनावरची जप्ती तेवढी उठव.

राम कृष्ण हरी!